पाचूमाशी आणि रिकामी टाचणी

१

टाचणी जागेवर होती, टाचणीखालच्या दोन्ही चिठ्ठ्या जागेवर होत्या, फक्त माशी नव्हती.

संग्रहालयाच्या कीटकदालनात सकाळी पहिलं पाऊल माझं पडतं, कारण पडदे उघडायचं काम माझ्या गळ्यात आहे. माझं खरं काम चिठ्ठ्या लिहिण्याचं. पडदे, भिंतीवरच्या घड्याळाची किल्ली आणि मॅडमचा चहा या गोष्टी मला कधी चिकटल्या ते आठवत नाही. पण पडद्यांबद्दल माझी तक्रार नाही. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं आत येतं आणि काचेच्या पेट्यांवरून इतकं सावकाश सरकतं की बघता बघता डोळे जड होतात. फुलपाखरं, भुंगे, चतुर एकेक करून उजळतात आणि पुन्हा विझतात. शेवटी ऊन खिडकीजवळच्या जुन्या पेटीपाशी येतं आणि तिथे एक हिरवी ठिणगी पेटते. त्या सकाळी ती पेटली नाही, म्हणून मी जवळ गेले.

त्या पेटीत एकच माशी असायची. तिला आम्ही पाचूमाशी म्हणतो. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, आणि अंगावर हिरव्या-निळ्या रंगाची अशी झळाळी की हात लावायचं धाडस होऊ नये. पाचूमाश्या तशा बऱ्याच असतात. कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळी होते, तशी ही कुंभारणीच्या, म्हणजे मातीची घरटी बांधणाऱ्या माशीच्या घरात गुपचूप अंडं घालते आणि स्वतः नामानिराळी राहते. पण आमची साधी नव्हती. साध्या पाचूमाशीच्या शेपटाच्या कडेला चार दात असतात, हिला सहा होते. निदान सरांचं म्हणणं तसं होतं.

सर म्हणजे दालनाचे जुने प्रमुख. तरुणपणी त्यांना ही एक सापडली, आणि त्यानंतर तशी दुसरी कुणालाच, अगदी त्यांनाही, सापडली नाही. आताच्या प्रमुख मॅडम त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या, लाडक्या विद्यार्थिनी. काही वर्षांपूर्वी मॅडमनी भिंग लावून ही माशी पाहिली आणि जाहीर लिहिलं की दात चारच आहेत. कडेचे दोन म्हणजे सरांनी चिरलेलं शेपूट चिकटवताना सांडलेले डिंकाचे थेंब. दात की डिंक, एवढाच वाद. तेव्हापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. आणि उद्या बाहेरून एक तज्ज्ञ येऊन माशी तपासणार होते. सहा दात निघाले तर सरांनी नोंदवलेली ही वेगळी जात राहणार, नाहीतर यादीतून कायमची पुसली जाणार. सरांच्या आयुष्यात दुसरं काही मागायचं उरलेलं नव्हतं.

मी काचेवर नाक टेकवून पाहिलं. तळाला अंथरलेल्या हिरव्या बनातीवर, टाचणीच्या बुडाशी, चिमटीभर तपकिरी भुसा पडला होता. बाहेरची भिंत दुरुस्तीला काढली होती आणि आदल्या दिवशी कामगारांनी इतकं ठोकलं होतं की पेट्यांच्या काचा थरथरत होत्या. धुळीसाठी खिडक्या बंद ठेवूनही धूळ सगळीकडे होती, तेव्हा भुशाकडे मी दुर्लक्ष केलं.

मॅडम आल्या, दोन हात लांब थांबल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. आपली किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. पेटीला डावं आणि उजवं अशी एकाच किल्लीची दोन कुलपं होती आणि दोन्ही उघडल्याशिवाय झाकण उघडत नसे. किल्ली डाव्यात जाईना. उजव्यातही जाईना. दोन्ही भोकांत चिखल वाळून घट्ट बसला होता. चोरानं कुलपं निकामी करून ठेवली, असं मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात सर आले. टोपी हातात, डोळ्यांवर जाड चष्मा. ते रिकाम्या टाचणीकडे बराच वेळ बघत राहिले. मग मॅडमकडे न बघता मला म्हणाले, "तिला विचार, माझी माशी कुठे आहे."

मॅडमही माझ्याकडेच बघून म्हणाल्या, "त्यांनाच विचार. उद्याच्या तपासणीची भीती मला नव्हती."

२

पोलिसांत जाऊन काय सांगणार, माशी हरवली? मी आत्याला बोलावलं.

माझी आत्या जन्मभर स्टेशनावरच्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसली. छत्र्या, चष्मे, कवळ्या, एकदा तर झोपलेलं मांजर, असं सगळं तिच्या टेबलावरून गेलं. निवृत्त झाल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, आणि घरात कुणाचं काही हरवेना म्हणून बिचारी कंटाळली होती. तिची एक खोड आहे. विचार करायचा असला की ती डुलकी काढते. लोकांना वाटतं म्हातारी झोपली. मलाही पुष्कळदा तसंच वाटतं.

दालनात शिरताच तिनं पदर नाकाला लावला. डांबरगोळ्यांचा वास तिला सोसत नाही. ती पेट्यांच्या रांगांमधून फिरत फिरत खिडकीपाशी आली, पदर खाली सोडला आणि सरांच्या पेटीशेजारी खुर्ची ओढून बसली. इथे बरं वाटतं, म्हणाली. मग तिनं मला विचारलं की माशी टाचणीवरून काढतात कशी.

काढत नाहीत, असं मी सांगितलं. टाचणी पाठीतून आरपार जाते. वर टाचणीचं डोकं, खाली चिठ्ठ्या. वरून ओढली तर माशी फाटते, खालून काढायची तर आधी चिठ्ठ्या उतरवाव्या लागतात. न्यायचीच असेल तर टाचणीसकट न्यावी, ते सोपं.

"आणि चोर सोपं सोडून अवघड करत बसला," आत्या म्हणाली. "पुन्हा चिठ्ठ्याही नीट लावून गेला. फारच टापटिपीचा दिसतो."

मग तिनं एकेकाला बोलावून घेतलं. मॅडम ताठ बसल्या. त्या म्हणाल्या की आपण चूक लिहिलं असेल, पण खोटं लिहिलेलं नाही. माशी त्यांनी रोज पाहिली होती, पण दारातूनच. पेटीला हात का लावला नाही, असं विचारल्यावर त्या कडवट हसल्या. हात लावला असता तर सरांनी म्हटलं असतं की दात घासून काढले. बाकी सगळ्या पेट्या त्या दर महिन्याला उघडवतात आणि कुलपांची भोकं काडीनं साफ करून पितळ लखलखीत करवतात. या एका पेटीपुढे मात्र त्यांची शिस्त थांबायची.

सर आले ते टोपी मांडीवर घेऊन. पेटी संग्रहालयाची, तिची देखभाल प्रमुखांनी करावी, असं त्यांचं म्हणणं. आपली किल्ली अजून खिशात होती, पण आपण ती लावली असती तर मॅडमनी म्हटलं असतं की नवा डिंक लावला. मला हसू आलं, पण आत्या हसली नाही. तिनं विचारलं की माशी मुळात सापडली कुठे.

सरांचा आवाज मऊ झाला. नदीकाठी चिकणमातीची एक दरड आहे. तिथून ते दिवसभर फिरून आले, याच दालनात टोपी खुंटीला अडकवली आणि चहा घ्यायला गेले. परत येऊन बघतात तर टोपीच्या काठावर ही बसलेली. "माझ्याबरोबर चालत आली होती घरापर्यंत," ते म्हणाले. त्यानंतर दरवर्षी ते घडीचं स्टूल घेऊन त्या दरडीपुढे बसत आले होते. दुसरी कधी दिसली नाही.

सर उठून गेले तेव्हा आत्याचे डोळे मिटलेले होते. मी तिच्यावर ऊन येतं म्हणून पडदा ओढायला गेले. पडद्याच्या घडीतून काहीतरी टिक करून खिडकीच्या फळीवर पडलं. शर्टाच्या गुंडीपेक्षा लहान, गोल, आणि हिरवंगार.

३

बातमी कशी पसरते कोण जाणे. मी तो हिरवा मणी कागदावर घेऊन वळले तोवर सर दारात होते, त्यांच्यामागे मॅडम होत्या आणि मॅडममागे सरांची लेक होती. लेक दातांची डॉक्टर. घरात दोघंही दात मोजण्यातच आयुष्य घालवतात, असं आम्ही तिला चिडवायचो आणि ती दिलखुलास हसायची. त्या दिवशी तिचा चेहरा पांढरा पडला होता.

सरांनी कागद हातात घेतला. पाचूमाशीच होती, पाय पोटाशी घेऊन, शेपूट तोंडाला लावून, गोळा झालेली. सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मॅडमनी सुटकेचा श्वास टाकला आणि मला सांगितलं की चोरानं घाबरून टाकली असेल, सापडली ते बरं झालं. मलाही वाटलं, संपलं एकदाचं. दालनात ऊन पसरलं होतं, बाहेरची ठोकाठोक थांबली होती आणि थोडा वेळ सगळे एकाच घरातले असल्यासारखे त्या कागदाभोवती उभे होतो.

आत्यानं डोळे न उघडता विचारलं, "टाचणीचं भोक कुठे आहे?"

मॅडमनी खिशातलं भिंग काढलं, कागद उजेडात धरला आणि माशी काडीनं उलटसुलट केली. पाठ अखंड होती. हिरव्या कवचावर बारीक खळगे होते, भोक नव्हतं.

आत्यानं दुसरा प्रश्न विचारला. सरांची माशी टाचणीवर होती तेव्हा अशीच गोळा होती का? नव्हती, ती सरळ ताणून लावलेली होती, असं मी सांगितलं. मग वर्षानुवर्षं वाळलेली माशी नंतर गोळा होऊ शकते का? या प्रश्नाला सर आणि मॅडम एकदमच नाही म्हणाले, आणि एकदम बोललो म्हणून एकदमच गप्प झाले. पाचूमाशीला नांगीचा फारसा भरवसा नसतो. भ्यायली की ती अंग मिटून गोळा होते. पण त्यासाठी जीव लागतो. वाळलेली वाकवायला गेलं तर तुटते.

"मग ही ती नव्हे," आत्या म्हणाली. "ही काल-परवापर्यंत या खोलीत उडत होती."

मॅडमनी कागद टेबलावर ठेवला. इतक्या वर्षांत एकही दिसली नव्हती, आणि जिथे एक नाहीशी झाली तिथेच दुसरी मिळाली होती. ती सरांच्या जातीची होती की साधी, हे कळायला शेपटाचे दात दिसायला हवेत. आणि शेपूट तर तिनं तोंडाखाली दडवून ठेवलं होतं.

तेवढ्यात सरांची लेक पुढे आली. "ही कुठून आली मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण पेटीतली मी काढली."

४

सर खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. मॅडम काही बोलणार होत्या, आत्यानं हातानंच त्यांना थांबवलं आणि लेकीला शेजारी बसवून घेतलं.

लेकीनं सगळं सांगून टाकलं. बाबा दुपारी झोपलेले असताना तिनं त्यांच्या कोटातली किल्ली घेतली. संग्रहालय बंद व्हायच्या सुमाराला आली, तेव्हा इथे कुणी नव्हतं. पेटी उघडली, माशी चिमट्यानं काढली आणि नदीत टाकली.

का, असं आत्यानं विचारलं.

लेक खाली बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली की तिनंही एकदा पेटीपाशी उभं राहून, आपल्या दवाखान्यातला छोटा आरसा धरून ते दात मोजले होते. तिलाही चारच दिसले. कडेचे दोन डिंकासारखेच दिसले. बाबांना हे सांगायला तिची जीभ रेटली नाही. उद्या परका माणूस येऊन सगळ्यांसमोर चार म्हणणार, आणि बाबा ते ऐकत उभे राहणार, हे तिला बघवणार नव्हतं. माशीच नसली तर निदान प्रश्न तरी उघडा राहील, असं तिला वाटलं.

सर तिच्याकडे बघत होते. लेकीनं चोरी केली याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. तिनंही चारच मोजले, हे मात्र त्यांना लागलं. मला त्या वेळी तिचा रागही आला आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं.

"कुठलं कुलूप आधी उघडलंस?" आत्यानं विचारलं.

"डावं."

"किल्ली सहज फिरली?"

"हो."

"आणि चिखल?"

लेक जरा अडखळली. मग म्हणाली की शोध चुकीच्या दिशेनं जावा म्हणून जाताना तिनंच बाहेरच्या कामावरचा चिखल आणून बोटानं भोकांत दाबला.

आत्यानं तिची बोटं हातात घेऊन पाहिली. स्वच्छ, आखूड नखांची, डॉक्टरची बोटं. मग तिनं तो हात थोपटला, खुर्चीला मान टेकवली आणि खरोखरच घोरायला लागली.

दातांची डॉक्टर माझ्याकडे बघायला लागली. मी काय करणार? आत्याच्या डुलकीत तिला हाक मारायची नाही, हे मी लहानपणीच शिकले आहे. आम्ही सगळे बसून राहिलो. ऊन पेटीवरून उतरून जमिनीवर आलं, तिथून भिंतीकडे निघालं, घड्याळाची टिकटिक लांबून आल्यासारखी वाटत होती आणि टेबलावर तो हिरवा मणी तसाच चमकत होता. माझ्याही डोळ्यांवर झापड आली. मला वाटलं की आपण सगळेच एका काचेच्या पेटीत आहोत आणि बाहेरून कुणीतरी आपल्याकडे बघतंय.

"भिंग आण," आत्या म्हणाली, आणि मी दचकून जागी झाले.

५

आत्या गुडघ्यावर हात ठेवून पेटीसमोर वाकली आणि भिंग डाव्या कुलपाला लावलं. मग उजव्याला लावलं. मग तिनं मॅडमना बोलावलं आणि आपल्याला काय दिसतंय ते सांगत गेली, चूक असेल तर थांबवा म्हणाली.

हा चिखल बोटानं दाबलेला नव्हता. बोटाचा दाब सपाट असतो, हा बारीक बारीक गोळ्यांचा, एकावर एक रचलेला होता. ओलही नव्हती, दगडासारखा वाळला होता. हरवलेल्या सामानाच्या खोलीत मागणाराच न आलेल्या ट्रंकांच्या कुलपांत तिनं हेच कितीतरी वेळा पाहिलं होतं.

"हे कुंभारणीचं घर आहे," मॅडम हलकेच म्हणाल्या. "बारक्या जातीची. तिला सरळ, अरुंद भोक लागतं."

"जुनं की नवं?"

"मागच्या हंगामातलं."

म्हणजे इतके महिने या कुलपांत कुणाचीही किल्ली गेलेली नव्हती. लेकीनं मान खाली घातली. तिला रडू फुटलं. बाबांनीच आपली चूक उमगून माशी नाहीशी केली असावी असं तिला वाटलं होतं, म्हणून तिनं ते आपल्या अंगावर घेतलं होतं. सरांनी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पण कुलूप कुणी उघडलंच नाही, तर माशी गेली कुठे?" मी विचारलं.

"गेलीय कुठे?" आत्या म्हणाली. "ज्या वस्तूला कुणी हात लावला नाही, ती जागेवरच असते. टाचणीखाली तो भुसा कसला आहे, ते तुम्ही मंडळी सांगा. मला त्यातलं कळत नाही."

मॅडम भांडणानंतर पहिल्यांदा त्या काचेच्या अगदी जवळ गेल्या. काचेला कपाळ टेकलं आणि तशाच राहिल्या. त्यांना शिकवायची गरज नव्हती. संग्रहालयांची जुनी वैरीण, केसाळ अळी. ती फटीतून शिरते, माशीचं अंग आतून पोखरून खाते आणि वरचं कवच तसंच उभं ठेवते. दुरून माशी धडधाकट दिसते. मग एखाद्या दिवशी कुणी भिंत ठोकतं, काच थरथरते, आणि कवचाचा चुरा होऊन खाली बसतो. हिरव्या बनातीवर हिरवा चुरा कुणाला दिसणार? वरचा तपकिरी भुसा तेवढा आम्हाला दिसला होता, आणि त्याला आम्ही धूळ म्हटलं होतं.

आत्यानं शेवटचा प्रश्न विचारला. सगळ्या दालनात डांबरगोळ्यांचा वास आहे, तो या पेटीपाशीच का नाही? इथल्या गोळ्या कोण बदलायचं?

सर म्हणाले, "ती." मॅडम म्हणाल्या, "ते." आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

दोघांकडे किल्ली होती. दोघांनाही माशीची काळजी होती. दुसरा बघत असेल असं दोघांनीही धरून चाललं होतं, आणि आपण हात लावला तर आळ येईल म्हणून दोघंही लांब राहिले होते. अळीला एवढी मोकळीक पुरली. मी दोघांच्या मधे उभी होते, नेहमीप्रमाणे निरोप पोचवायला, पण निरोप कुणी दिला नाही.

"आता उजवीकडे बघा," आत्या म्हणाली. "डावं घर बंद आहे. उजव्याला भोक पडलंय. ते बाहेरून पाडलंय की आतून?"

मॅडमनी भिंग लावलं. भोक गोल होतं, कडा आतून कुरतडलेल्या होत्या, आणि आत वाळलेल्या पातळ कोशाचं टरफल दिसत होतं. त्या हळूच खाली बसल्या, अगदी जमिनीवर.

हिरवी माशी नदीवरून आलेली नव्हती. ती याच पेटीच्या उजव्या कुलपातून निघाली, बंद खिडकीच्या काचेवर धडकत राहिली आणि पडद्याच्या घडीत मेली. दालनातल्या बाकी सगळ्या कुलपांची भोकं दर महिन्याला साफ होत होती, त्यामुळे तिथे कुंभारणीचं घर टिकत नव्हतं, आणि घर नाही तर पाचूमाशीही नाही. भांडणापायी विसरलेली एवढी दोनच कुलपं तिला मिळाली होती. जुनी माशी ज्या हेळसांडीनं गेली, तिनंच नवी जन्माला घातली.

आत्या सरांकडे वळली. "टोपी खुंटीला होती म्हणालात. खुंटी कुठे होती?"

सरांनी पेटीच्या वरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. खुंटी अजून तिथेच होती. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांनी दरडीपुढे घालवलेले सगळे हंगाम मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

६

पण दात अजून मोजायचे होते.

मॅडमनी बरणीत ओला कापूस घातला, त्यावर कागदाच्या घडीत तो हिरवा मणी ठेवला आणि झाकण लावलं. ओलीनं सांधे मऊ पडतात. सकाळी मी पडदे उघडले तेव्हा चौघंही माझ्या आधी हजर होती, आत्या धरून. मॅडमनी माशी भिंगाच्या मोठ्या यंत्राखाली घेतली आणि सुई सरांपुढे धरली. सरांनी आपले थरथरते हात दाखवले आणि मान हलवली.

मग मॅडमनीच ती उलगडली. इतक्या हळू की दालनातलं ऊन त्यांच्यापेक्षा जलद सरकलं असेल. शेपूट सरळ झालं. त्या बघत राहिल्या, आणि मग बाजूला होऊन त्यांनी लेकीला खुणेनं बोलावलं. आपल्या तोंडून ऐकण्यापेक्षा सरांनी ते लेकीच्या तोंडून ऐकावं, हे त्यांना कसं सुचलं असेल, मला अजून नवल वाटतं.

लेकीनं डोळा लावला. तिचे ओठ हलत होते. "सहा," ती म्हणाली. "आणि एकही किडलेला नाही."

सर हसले. चष्मा काढून हसले आणि हसताना रडले. मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आपलं चुकलं याचं त्यांना दुःख झालं असेल असं मला वाटलं होतं. पण त्या वळल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ आनंद होता, परीक्षा पास झालेल्या मुलीसारखा.

दुपारी तज्ज्ञ आले. मितभाषी माणूस. त्यांनी सहाही दात पाहिले, रिकामी टाचणी पाहिली, कुलपं पाहिली, आणि नाव राहील एवढंच सांगून चहा मागितला. मी नव्या माशीची चिठ्ठी लिहायला बसले आणि विचारलं की राहण्याचं ठिकाण म्हणून काय लिहू. सरांचं तोंड सवयीनं नदीकाठ म्हणायला उघडलं, पण मग मिटलं. थोड्या वेळानं म्हणाले, "लिही. जुन्या पेटीचं उजवं कुलूप."

त्याच दिवशी मॅडमनी हुकूम काढला की यापुढे एकाही कुलपाच्या भोकाला कुणी काडी लावायची नाही, आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या. भिंतीच्या कामगारांना रजा मिळाली. उरलं ते डावं कुलूप. त्यात काय आहे, कुणाला ठाऊक? पाचूमाशी असेल, किंवा नुसती कुंभारीण असेल, किंवा काहीच नसेल. आत्यानं बजावलं की फार आशा धरू नका, हरवलेलं सामान परत मागायला माणसं आली तरी छत्री कधी कधी दुसऱ्याचीच निघते.

सरांनी नदीवरचं घडीचं स्टूल आणलं आणि ते डाव्या कुलपापुढे मांडलं. मॅडमनी आपली खुर्ची पलीकडे आणून ठेवली. दोघंही रोज येऊन बसायचे. बोलत नव्हते. इतकी वर्षं न बोललेल्या माणसांना सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. सरांना चहा हवा का, हे मॅडम मला विचारायच्या, आणि हवा, हे सर मला सांगायचे. दोघांच्या किल्ल्या मी त्या जुन्या खुंटीला अडकवल्या होत्या. त्यांचा आता काही उपयोग नव्हता.

एका सकाळी ऊन पेटीवर आलं तेव्हा सर स्टुलावरच झोपी गेले होते, टोपी मांडीवर, मान कलंडलेली. आत्याही झोपली होती, तिच्या पद्धतीनं. मी पडद्याची दोरी हातात घेऊन उभी होते. डाव्या कुलपाखाली चिमूटभर माती सांडली. मग आणखी थोडी. मातीत टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं, ते मोठं होत गेलं, आणि आत काहीतरी हललं. ऊन त्याच्यावर पडलं आणि हिरवी ठिणगी पेटली.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सांग, असं म्हणायला त्यांचे ओठ उघडले होते. मग त्या थांबल्या. खुर्चीवरून उठल्या, वाकल्या आणि त्यांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सर," त्या म्हणाल्या, "उठा. आली."